पिकलं अ‍ॅबिंग्डनला, विकलं टोकियोला

दादानं चुंबक रुमालात गुंडाळलं आणि तो गाडीच्या दाराखाली उकिडवा बसला. चुंबक वहिनीच्या फ्रिजवरचं, पालीच्या बल्लाळेश्वराचं. रुमाल अशासाठी की रंगावर चरा उठू नये. दाराखालच्या पट्टीवर तो वीतभर अंतरानं चुंबक टेकवत पुढं सरकत होता. आत खरा पत्रा असेल तर चुंबक ओढ घेतं आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. गंजलेली भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग मारलेला असेल, तर बल्लाळेश्वर सरळ हातात सुटून येतो.

गाडीचे मालक, सत्तरीपुढचे इंग्रज गृहस्थ, खिशात हात घालून शांतपणे पाहत उभे होते. दर रविवारी कुणीतरी येतं आणि कुणाच्या तरी खिशात चुंबक असतंच, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्याहून इंग्लंडात जाऊन त्याला वीस वर्षं झाली, घर रेडिंगला. मी पंधरा दिवसांसाठी त्याच्याकडे उतरलो होतो आणि त्यातला एक रविवार असा ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात, परक्याच्या गॅरेजपुढं निघाला. विकायला होती १९९४ सालची, उघड्या टपाची, दोन माणसांची एमजी आरव्ही८. रंग गडद हिरवा. सावलीत जवळजवळ काळा, पण ऊन पडलं की आतून सोनेरी झाक उठणारा. आत दुधी-पिवळ्या चामड्याच्या बैठका, डॅशबोर्डवर गाठीगाठींच्या एल्म लाकडाचं पॉलिश केलेलं आवरण. नाकावर अष्टकोन आणि त्यात ‘एमजी’ ही दोन अक्षरं.

काचेच्या कोपऱ्यात एक उन्हानं फिकटलेलं चौकोनी स्टिकर होतं. त्यावर जपानी लिपी आणि १६ हा आकडा.

“दादा, हे १६ काय आहे रे?”

“साल. हेइसेई १६. त्यांचा सम्राट गादीवर बसला तिथून मोजायचं. म्हणजे आपलं २००४.” मान वर न करता तो पुढं म्हणाला, “तिथल्या तपासणीचं स्टिकर आहे ते. ही गाडी जन्मली इथं, नांदली जपानात आणि आता माहेरी आलीये.”

टक्. टक्. टक्.

०००

माहेर म्हणजे अ‍ॅबिंग्डन. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठचं गाव. ‘एमजी’ या अक्षरांचा अर्थ मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजचा कारभार १९२२ मध्ये सेसिल किंबर यांच्या हाती आला. साध्यासुध्या मॉरिस गाड्या घ्यायच्या, त्यांना देखणं अंग द्यायचं, इंजिनाला थोडी फोडणी द्यायची आणि तरुण गिऱ्हाइकाला विकायच्या, हा त्यांचा उद्योग. १९२९ मध्ये हा पसारा अ‍ॅबिंग्डनच्या एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेत गेला आणि पुढची एकावन्न वर्षं तिथंच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातून घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी या छोट्या, कडक, थंडीवाऱ्यात हाडं गोठवणाऱ्या गाड्यांचं वेड आपल्या देशात नेलं. टीसी, टीडी, मग १९५५ ची एमजीए. एमजीए लाखाहून थोडी अधिक बनली आणि त्यातली बहुतेक समुद्रापार गेली. अ‍ॅबिंग्डनच्या गाडीला गिऱ्हाईक अ‍ॅबिंग्डनबाहेरच भेटायचं, ही रीत तेव्हापासूनची.

१९६२ मध्ये एमजीबी आली. सिड एनेव्हर मुख्य अभियंते, रेषा प्रामुख्यानं डॉन हेटर यांच्या. वेगळी चेसिस काढून टाकली होती. पत्र्याचं अंग हाच गाडीचा सांगाडा. त्यामुळे दाराखालची ती पट्टी शोभेची नाही. उघड्या टपाच्या गाडीला वरून आधार नसतो, सगळा भार तिथं येतो. ती गंजली की गाडी मधोमध वाकू लागते आणि दारं नीट लागेनाशी होतात. दादा बल्लाळेश्वराला घेऊन तिथं का बसला होता, त्याचं हे उत्तर.

एमजीबीचं इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसी या तेव्हाच्या मालक कंपनीच्या ‘बी’ मालिकेतलं. हे वाचून मराठी वाचकाला काही आठवण्याचं कारण नाही, पण या घराण्याचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि तिच्यात वर्षानुवर्षं धडधडणारं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच मालिकेतलं. सुरुवातीच्या एमजीएमध्येही १४८९ सीसीचंच होतं. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं वारा खात जाणारी लाल रोडस्टर आणि मंत्रालयाच्या आवारात पडदे लावून उभी असलेली पांढरी गाडी या चुलत बहिणी. काकांना, म्हणजे दादाच्या वडिलांना, नोकरीत सरकारी अ‍ॅम्बॅसेडर होती. थंडीत ती चालू करताना चोक किती ओढायचा, हे दादाला नवव्या वर्षापासून पाठ. इंग्लंडात गेल्यावर त्यानं पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलेलं पाहिलं तेव्हा त्याला परदेशी काही दिसलंच नाही. काकांची गाडी दिसली.

०००

अ‍ॅबिंग्डनला फिरता पट्टा नव्हता. शेवटपर्यंत कामगार गाडी हातानं ढकलत पुढच्या माणसाकडे नेत. अंगाचे सांगाडे बाहेरून येत, इंजिनं बाहेरून येत. इथं फक्त जुळवणी. तरीही पाच लाखांहून अधिक एमजीबी या दारातून बाहेर पडल्या.

मरण सावकाश आलं. अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांसाठी १९७४ मध्ये क्रोमचे बंपर गेले, त्या जागी काळ्या रबराचे जाडजूड ओठ आले. दिवे नियमाच्या उंचीवर यावेत म्हणून गाडी उचलून धरली आणि तिची वळणावरची पकड ढिली पडली. नवं मॉडेल बनवायला तोवर मालक झालेल्या ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. जो होता तो ट्रायम्फच्या टीआर७ कडे गेला. पुढं डॉलरपुढं पौंड चढला आणि अमेरिकेत विकलेली प्रत्येक गाडी आतबट्ट्याची होऊ लागली.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डननं कारखान्याची पन्नाशी साजरी केली. आठवडाभर मिरवणुका, पाहुणे, झेंडे. सोहळा रविवारी संपला आणि सोमवारी, दहा तारखेला, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. बारशाच्या मांडवातच तेराव्याची पत्रिका वाटावी तसं. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकारानं काही जणांनी एमजी विकत घेण्याची खटपट केली, पण पैसा उभा राहिला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर आली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण भंगारात जायला हवी होती अशी एक वस्तू भंगारात गेली नाही.

०००

गाडीचं दार, बॉनेट, चाकावरची कमान हे सगळं सपाट पत्र्यातून घडतं ते पोलादी साच्यांमुळे. एकेक साचा टनावारी वजनाचा. खाली साच्याचा एक ठोकळा, वर दुसरा, मध्ये पत्रा. प्रेस खाली आली की पत्र्याला बाक येतो. गाडी बंद झाल्यावर कंपनी काही वर्षं सुटे भाग काढण्यापुरते साचे ठेवते, मग वितळवते. जागा अडते आणि पोलादाला भाव असतो.

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही जुन्या गाड्यांचा वारसा सांभाळण्यासाठी १९७५ मध्ये काढलेली संस्था. तिच्या डेव्हिड बिशप यांनी ऐंशीच्या दशकात एमजीबीच्या साच्यांचा माग काढायला सुरुवात केली. साचे एका जागी नव्हते. कुठल्या कारखान्याच्या कोपऱ्यात, कुठं उघड्यावर गंजत पडलेले. जमले तेवढे गोळा केले, दुरुस्त केले, नव्हते ते नव्यानं घडवले. १९८८ मध्ये फॅरिंग्डन इथं, म्हणजे अ‍ॅबिंग्डनपासून वीस-बावीस किलोमीटरवर, एमजीबीचं कोरं करकरीत अंग पुन्हा तयार होऊ लागलं. जोडकाम जुन्याच पद्धतीनं, ठिकठिकाणी वितळजोड देऊन.

याचा अर्थ काय ते नीट पाहावं. ज्याची एमजीबी गंजून चाळण झाली आहे, त्यानं इंजिन, चाकं, बैठका, दिवे काढायचे आणि कोऱ्या अंगावर चढवायचे. गाडी तीच की दुसरी? आपल्याकडे हा वाद गावोगावच्या देवळांनी पाहिलेला आहे. शिखर नवं, सभामंडप नवा, फरशी मार्बलची, मूर्तीवर वज्रलेप. तरी आपण त्याला नवं देऊळ म्हणत नाही, जीर्णोद्धार म्हणतो. जागा तीच असली की झालं. गाडीच्या बाबतीत ती ‘जागा’ म्हणजे साचा. जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात आठवणींचा आणि प्रेमाचा फार गवगवा असतो. प्रेम होतंच, आणि ते एमजी बंद झाली त्या दिवशीही होतं. त्यानं कारखाना वाचला नाही. आठ वर्षांनी गाडी परतली ती पोलादाचे काही ठोकळे वितळवायचे राहून गेले आणि वेळेवर कुणीतरी ते शोधायला निघालं म्हणून. हयगय आणि निगुती या दोन सवती इथं एकदाच एका घरात सुखानं नांदल्या.

०००

नेमक्या याच सुमारास जगाला रोडस्टर परत मिळाली होती, पण ती इंग्लंडातून नव्हे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदानं एमएक्स-५ दाखवली. पुढं इंजिन, मागच्या चाकांना ओढ, दोन बैठका, कापडी टप: ब्रिटिशांची जुनी पाककृती, फक्त तेल न गळणारी आणि पावसात सुरू होणारी. तिची विक्री पुढं दहा लाखांवर गेली. घरच्या आजीचं लोणचं शेजारणीनं बाटलीत भरून बाजारात आणावं आणि ते हातोहात खपावं, तसं इंग्लंडचं झालं.

रोव्हर कंपनीकडे, म्हणजे तेव्हाच्या एमजीच्या मालकांकडे, नवी स्पोर्ट्‌स कार लगेच देण्यासारखी नव्हती. पण फॅरिंग्डनला कोरी अंगं बनत होती आणि घरात एक व्ही८ इंजिन होतं. या इंजिनाचीही कथा अशीच परघरची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सनं ब्यूकसाठी अ‍ॅल्युमिनियमचं हलकं व्ही८ केलं आणि तीन वर्षांत सोडून दिलं. रोव्हरनं त्याचे हक्क घेतले आणि पुढं रेंज रोव्हरसकट कितीतरी गाड्या त्यावर चालवल्या. आठ सिलिंडरचं असूनही ते एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाच्या जवळपासच्याच वजनाचं. १९७३ ते ७६ या काळात बंद टपाच्या एमजीबी जीटीमध्ये ते बसवलंही गेलं होतं. अशा २५९१ गाड्या झाल्या.

ऑक्टोबर १९९२ च्या बर्मिंगहॅम प्रदर्शनात, एमजीबीच्या तिशीला, आरव्ही८ आली. इंजिन ३९४६ सीसी, ताकद १९० अश्वशक्तीच्या घरात, वजन सुमारे ११०० किलो. अंग फॅरिंग्डनहून यायचं आणि जुळणी ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात, बरीचशी हातानं. जुन्या एमजीबीचा पिंड कायम ठेवून बंपर, कमानी, बॉनेट, दिवे सगळं गोलाईत आणलं होतं. आत चामडं आणि लाकूड. खाली मात्र मागच्या चाकांना तोच अखंड आस, स्प्रिंगांचे तेच पाटे आणि तेच ड्रम ब्रेक. आपल्या भाषेत सांगायचं तर वरून पैठणी, खाली गोधडी.

किंमत पंचवीस-सव्वीस हजार पौंडांच्या आसपास. माझदाच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. समीक्षकांनी नाकं मुरडली. इंजिनाच्या आवाजाला दाद दिली, पण खडबडीत वळणावर मागचा आस उड्या मारतो हे लिहायला कुणी विसरलं नाही. पहिल्या खेपेला ब्रिटनमध्ये जेमतेम तीनशे गाड्या खपल्या. घरच्या म्हातारीचे काळ!

मग १९९३ चं टोकियो प्रदर्शन आलं.

०००

जपानी माणसाला तेव्हा जुन्या इंग्रजी मोटारींचं वेड होतं. घरी कालबाह्य ठरत चाललेली छोटी मिनी रोव्हर तिथं मजेत विकत होती. गाडी उजव्या स्टेअरिंगची, रस्ते डाव्या बाजूनं चालणारे, त्यामुळे तीही अडचण नाही. आरव्ही८ त्यांच्यापुढं आली ती चामड्याच्या वासासकट, लाकडासकट, पाट्यांसकट. जे इंग्लंडमध्ये मागासलेपण ठरलं, तेच तिथं अस्सलपण ठरलं. चांगली रोडस्टर कशी बनवायची हे जपान्यांना इंग्रजांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच त्यांना हिच्याकडून चांगलेपणा नको होता. तो त्यांच्या अंगणात माझदाच्या रूपात उभा होताच. त्यांना हवी होती ती मूळ चूल, धुरासकट.

१९९५ च्या अखेरीस आरव्ही८ थांबली तेव्हा एकूण १९८३ गाड्या झाल्या होत्या. त्यातल्या १५७९ जपानला गेल्या. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण सिद्ध करायला इतका नेटका हिशेब क्वचितच सापडतो. बहुतेक गाड्या याच गडद हिरव्या रंगाच्या, आणि जपानसाठी त्यात एअरकंडिशनर बसवलेला. उघड्या टपाच्या गाडीत एसी, याला इंग्रज हसले असतील. टोकियोचा जुलै त्यांनी पाहिलेला नाही.

पुढं वर्षं गेली. जपानात गाडी जुनी होत गेली की ठरावीक काळानं होणारी ‘शाकेन’ नावाची तपासणी खिशाला जड वाटू लागते, आणि लोक गाडी विकून मोकळे होतात. इकडे ब्रिटनमध्ये वारं फिरलं होतं. ज्यांनी पूर्वी नाक मुरडलं त्यांना आता आरव्ही८ हवी होती, पण देशात तीनशेच. तेव्हा व्यापारी टोकियो-योकोहामाच्या लिलावांतून या गाड्या उचलू लागले आणि पेट्यांत घालून बोटीनं माघारी आणू लागले. अशा शेकडो गाड्या परतल्या. त्यांची मोजदाद एमजी कार क्लबची मंडळी ठेवतात; क्लबचं कार्यालय अ‍ॅबिंग्डनला, जुन्या कारखान्याच्या शेजारीच, आणि त्या वास्तूचं नाव किंबर हाउस.

परतलेल्या गाडीत काय पाहायचं, याचं एक शास्त्रच झालं आहे. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये आहे की मैलांत बदलला? एसीच्या नळ्या धड आहेत का? बैठकांचं फिकट चामडं उन्हानं तडकलंय का? पुढचे दिवे आणि बंपर फुटलेले नाहीत ना? हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण एमजीबीचे भाग पोत्यानं मिळतात, पण फक्त आरव्ही८ साठी केलेले भाग दुर्मीळ. आणि पत्रा? तिथं या गाड्यांचं नशीब उजवं. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं. जपानी शहरात रविवारपुरती बाहेर निघून आच्छादनाखाली झाकलेली गाडी त्यातून वाचलेली असते. परदेशी नांदल्यानं तिचं हाडपेर शाबूत राहिलं.

भारतात मात्र ती आणता येणार नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी सर्रास आयात करायला आपल्याकडे मुभा नाही. एमजी हे नाव आपल्याकडे आलं ते दुसऱ्याच वाटेनं. १९९४ मध्ये रोव्हर बीएमडब्ल्यूनं घेतली, २००० मध्ये सोडून दिली, २००५ मध्ये कंपनी कोसळली आणि नाव चीनला गेलं. आज ते शांघायच्या साइककडे आहे, आणि भारतात मुंबईच्या जेएसडब्ल्यूच्या भागीदारीत. २०२५ मध्ये त्यांनी ‘सायबरस्टर’ ही विजेवर चालणारी, वर उघडणाऱ्या दारांची रोडस्टर पाऊण कोटींच्या घरात भारतात आणली. रेखाटन लंडनमध्ये, कारखाना चीनमध्ये, नाकावर तोच अष्टकोन. तिच्यात आवाज नाही, तेल नाही, पाटे नाहीत. तिला पुनर्जन्म म्हणायचं तर म्हणावं. पण पुनर्जन्मात देह नवा असतो, नाव लोक आठवणीनं ठेवतात. आरव्ही८ चं उलट होतं. तिथं देह जुना होता, म्हणूनच नाव टिकलं.

०००

चुंबक कुठंच सुटलं नाही. दादा उठला, गुडघे झटकले. मालकांनी किल्ली त्याच्यापुढं धरली. दोनच बैठका, ते त्याच्या शेजारी बसले आणि मी आवारात उरलो.

इंजिन सुरू झालं तेव्हा आधी कानांना नाही, छातीला कळलं. ढोलपथक लांबून येऊ लागलं की जसं होतं तसं. गाडी फाटकातून बाहेर पडली, झाडांमागं गेली, आणि तो आवाज अ‍ॅबिंग्डनच्या दिशेनं बारीक बारीक होत राहिला.

जाताना मालकांनी कागदांचा एक पुठ्ठ्याचा खोका माझ्या हाती ठेवला होता. वाट पाहता पाहता मी तो चाळला. वर इंग्रजी बिलं, खाली सगळी जपानी. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आकडे कळत होते. दर कागदावर तारीख, किलोमीटर, येनमधली रक्कम. १२,४०३. मग १५,८८०. मग १९,०१७. वर्षाला तीनेक हजार किलोमीटर, म्हणजे आठवड्याला साठेक. कोपरे जुळवून, टाचणी एकाच जागी मारून, एकही वर्ष न चुकवता कुणीतरी हे सारं लावून ठेवलं होतं. पाट्यांवर चालणारी, घरच्यांनी हसण्यावारी नेलेली गाडी त्या माणसानं जगाच्या दुसऱ्या टोकाला दहाएक वर्षं अशी सांभाळली होती.

वीस मिनिटांनी आवाज पुन्हा ऐकू आला. दादाचे केस विस्कटले होते, कान लाल झाले होते. भाव ठरायला चहाचे दोन कप गेले. मालकांनी सौजन्यानं विचारलं, काचेवरचं ते स्टिकर हवं तर काढून देतो, जुन्या पात्यानं सहज निघतं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी खोका बंद करून त्याच्या हातात दिला.

“राहू दे,” तो मराठीतच म्हणाला, आणि मग लक्षात येऊन त्यांना इंग्रजीत सांगितलं.